समुद्राचं पाणी अल्कधर्मी, पण त्यातून उडालेले मिठाचे कण आम्लधर्मी: हे कसं घडतं?

खारा वारा (धागाकर्ता)

समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८.१ असतो. ७ हा उदासीन धरला तर हे पाणी किंचित अल्कधर्मी आहे. पण त्याच पाण्याचे तुषार हवेत गेल्यावर जे मिठाचे कण तयार होतात, त्यांचा सामू बहुतेक ठिकाणी ३ ते ५ च्या दरम्यान सापडतो आणि बारीक कणांचा त्याहूनही कमी. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे ८.१ वरून ४ वर येणं म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती (द्रावणातलं त्यांचं प्रमाण) दहा हजारपटींहून अधिक वाढणं. ज्या पाण्यातून कण निघाला त्याच्याशी त्याचं रासायनिक नातं इतक्या लवकर तुटतं, हे मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. मराठीत यावर फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

आधी कण तयार कसे होतात ते. वारा सेकंदाला साधारण ४ मीटरच्या पुढे गेला की लाटांचे माथे फुटून पांढरा फेस दिसू लागतो. फेस म्हणजे पाण्यात कोंडलेली हवा. तिचे बुडबुडे वर येऊन फुटतात तेव्हा दोन प्रकारचे थेंब उडतात. बुडबुड्याचा पातळ पडदा फाटला की पुष्कळ आणि अगदी बारीक थेंब निघतात. पडदा गेल्यावर उरलेला खळगा भरताना मधून पाण्याची एक धार वर उसळते, तिचे तुटून मोजके पण मोठे थेंब होतात. वारा १० मीटरच्या वर गेला की लाटांच्या माथ्यावरून पाणी सरळ ओरबाडलं जातं, ते थेंब आणखी मोठे, पण लगेच खाली पडणारे.

हवेत आलेला थेंब आटू लागतो. ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेला त्याची त्रिज्या, त्यातलं मीठ पूर्ण कोरडं झालं असतं तर जी असती, तिच्या साधारण दुप्पट उरते. हिशेब केला तर थेंबातलं मीठ समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे आठपट संहत झालेलं असतं. पाण्यात अल्कता आणणारं बायकार्बोनेटही तेवढंच संहत होतं. म्हणजे दुसरं काही घडलंच नाही तर थेंब समुद्राहून थोडा जास्त अल्कधर्मी व्हायला हवा. प्रत्यक्षात उलट होतं. का, ते आकड्यांतूनच कळतं, म्हणून ते मांडतो.

एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आम्ल पचवण्याची एकूण क्षमता, म्हणजे अल्कता, सुमारे २.३ मिलिमोल (मोल हे रेणू-आयनांची संख्या मोजण्याचं एकक). म्हणजे एक ग्रॅम सागरी मिठामागे साधारण ०.०६६ मिलिमोल. आता समुद्रावरच्या एक घनमीटर हवेत १० मायक्रोग्रॅम मीठ तरंगतंय असं धरा. त्याची एकूण अल्कता झाली ०.६६ नॅनोमोल. सल्फर डायऑक्साइडच्या एका रेणूपासून सल्फ्युरिक आम्ल झालं की दोन हायड्रोजन आयन मिळतात, म्हणजे ही सगळी अल्कता संपवायला ०.३३ नॅनोमोल सल्फर डायऑक्साइड पुरतं. एक घनमीटर हवा म्हणजे सुमारे ४१ मोल. भागाकार केला की उत्तर येतं: हवेच्या लाख कोटी भागांत ८ भाग. यालाच ८ पीपीटी म्हणतात.

मनुष्यवस्तीपासून हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रावरही सल्फर डायऑक्साइड काही दहा पीपीटी असतं. कारण समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींशी निगडित डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू पाण्यातून सतत बाहेर येतो आणि हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फर डायऑक्साइड बनतं. म्हणजे प्रदूषण नसलेल्या हवेतसुद्धा कणाची अल्कता संपवायला पुरेसं आम्ल तयार असतं. जहाजांचा किंवा किनाऱ्याकडून येणारा धूर त्यात मिसळला की नायट्रिक आम्लही येतं आणि मग आम्ल गरजेच्या कितीतरी पट होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की सागरी मीठ आम्ल शोषून हवा स्वच्छ करतं ही समजूत अर्धीच खरी आहे. कण अल्कधर्मी असतो तो काळ मिनिटांचा, फार तर तासांचा. त्यानंतरही तो आम्ल घेत राहतो, पण वेगळ्या मार्गाने, आणि त्याची किंमत क्लोराइडने चुकवतो. त्याबद्दल प्रतिसादांत बोलू. ज्यांचा या विषयाशी कामानिमित्त संबंध आला आहे त्यांनी जरूर लिहावं.

अबोली

फार सुंदर लिहिलंय, बुडबुड्याचा भाग दोनदा वाचला. एक शंका. महासागर आम्लधर्मी होत चालले आहेत अशा बातम्या आपण वाचतो. कणांची आम्लता हा त्याचाच परिणाम आहे का?

खारा वारा

नाही, आणि हे वेगळं ठेवायलाच हवं. महासागरांचं आम्लीकरण म्हणजे हवेतला वाढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळणं. औद्योगिक काळापूर्वी पृष्ठभागाचा सामू साधारण ८.२ होता, तो ८.१ झाला. ०.१ चा फरक ऐकायला छोटा वाटतो, पण हायड्रोजन आयन त्यात पाव हिश्शाने वाढले आणि शंख-प्रवाळांसाठी तो गंभीर आहे. कणाच्या बाबतीत मात्र आपण चार-पाच एककांच्या घसरणीबद्दल बोलतोय आणि ती घडवणारी आम्लं सल्फ्युरिक आणि नायट्रिक, म्हणजे तीव्र आम्लं आहेत. समुद्राचा सामू उद्या ८.० झाला तरी वरच्या हिशेबातले ८ पीपीटी फारसे हलणार नाहीत. उलट बाजूनेही तेच: हे आम्लधर्मी कण परत समुद्रात पडतात, पण खुल्या समुद्राच्या अफाट अल्कतेपुढे त्यांचं आम्ल नगण्य आहे.

सहा मोल

रसायनशास्त्राच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो, कारण धागाकर्त्यांनी "क्लोराइडने किंमत चुकवतो" एवढंच म्हणून सोडलंय आणि खरी गंमत तिथेच आहे.

अल्कता संपल्यावर कणात येणारं प्रत्येक आम्ल सामू खाली ढकलू पाहतं. पण कणात क्लोराइड प्रचंड आहे. हायड्रोजन आयन आणि क्लोराइड मिळून हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपात कणाबाहेर निघून जातात. नायट्रिक आम्ल आत आलं, हायड्रोजन क्लोराइड बाहेर गेलं, मागे सोडियम नायट्रेट राहिलं. सल्फ्युरिक आम्ल आलं तर त्याच्या एका रेणूमागे हायड्रोजन क्लोराइडचे दोन रेणू बाहेर, मागे सोडियम सल्फेट. आम्ल आत येत राहतं पण हायड्रोजन आयन आत साचत नाहीत.

याला एक नैसर्गिक पातळी असते. सामू एकाने उतरला की कणासोबत समतोलात राहू शकणारं हायड्रोजन क्लोराइड दहापट वाढतं. संहत मिठाच्या द्रावणात सामू ४ असेल तर ते प्रमाण ढोबळमानाने काही शे पीपीटी येतं आणि सागरी हवेत हायड्रोजन क्लोराइड साधारण तेवढंच सापडतं. म्हणून मोठे कण ३.५ ते ५ च्या पट्ट्यात अडकून राहतात. हा योगायोग नाही, क्लोराइडच त्यांना तिथे धरून ठेवतं.

बारीक कणांचं तसं नाही. मायक्रोमीटरपेक्षा लहान कणात वस्तुमानाच्या तुलनेत पृष्ठभाग मोठा, म्हणून आम्ल वेगाने येतं. शिवाय तो कण हवेत काही दिवस राहतो, तर १० मायक्रोमीटरचा काही तासांत खाली येतो. बारीक कणातलं क्लोराइड जवळपास सगळं निघून जाऊ शकतं. ते संपलं की धरून ठेवणारं कोणी उरत नाही आणि सामू २ किंवा त्याखाली जातो. तिथे पुढचा अडसर सल्फेटचा: सल्फेट हायड्रोजन आयन घेऊन बायसल्फेट होतं, त्यामुळे घसरण मंदावते.

तेव्हा "सागरी मिठाच्या कणांचा सामू किती" या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. आधी कणाचा आकार सांगा, मग त्याचं वय.

कुतूहल

इतक्या बारीक थेंबाचा सामू मोजतात तरी कसा? त्यात इलेक्ट्रोड तर बुडवता येणार नाही. सगळे कण एका फिल्टरवर गोळा करून पाण्यात विरघळवले तर?

सहा मोल

तसं वर्षानुवर्षं केलं गेलंय, पण त्या आकड्याला कणाचा सामू म्हणता येत नाही. तीन कारणं आहेत. एक घनमीटर हवेतल्या कणांमध्ये पाणी असतं काही दहा मायक्रोग्रॅम, आणि तुम्ही ते मिसळता मिलिलिटरभर पाण्यात. हजारो पटींनी विरल झाल्यावर बायसल्फेट तुटतं, सेंद्रिय आम्लांचा समतोल बदलतो, आणि मिळतो तो त्या विरल द्रावणाचा सामू. दुसरं, हवेत जे कण एकमेकांना कधी भेटलेच नसते ते फिल्टरवर शेजारी बसतात. मोठा ताजा अल्कधर्मी आणि बारीक जुना आम्लधर्मी मिसळले की उत्तर येतं दोघांपैकी कोणाचंच नसलेलं. म्हणून आधी कण आकारानुसार वेगळे करावे लागतात. तिसरं, गोळा होत असताना वरून हवा वाहतच असते आणि ती आणखी आम्ल किंवा अमोनिया देत राहते.

म्हणून आडमार्ग. हायड्रोजन क्लोराइड हवेत किती आणि क्लोराइड कणात किती, हे एकाच वेळी मोजायचं, आर्द्रतेवरून कणातलं पाणी काढायचं आणि समतोलाच्या समीकरणातून सामू सोडवायचा. नायट्रिक आम्ल व नायट्रेट किंवा अमोनिया व अमोनियम या जोड्याही चालतात. बर्म्युडाजवळच्या मध्यम प्रदूषित सागरी हवेसाठी कीन आणि सॅव्होई यांनी १९९८ मध्ये हीच पद्धत वापरली आणि ओल्या मिठाच्या कणांचा सामू ३.५ ते ४.५ असल्याचा अंदाज दिला. याच तत्त्वावर ई-एआयएम आणि आयसोरोपिया ही उष्मागतिकीची मॉडेलं चालतात.

अलीकडे सरळ मोजण्याचीही एक पद्धत आली आहे. सामूनुसार रंग बदलणाऱ्या कागदाच्या बारीक तुकड्यावर कण आदळवायचे आणि रंगाचा फोटो काढून त्याचं विश्लेषण करायचं. पद्धत साधी आहे, पण बारीक कणांसाठी खूप उपयोगी ठरली.

दीपस्तंभ

चर्चा वाचतोय, पण एक मुद्दा सगळ्यांच्या हातून निसटतोय असं वाटतं. इथे सगळं "कण जुना झाला की आम्लधर्मी होतो" या दिशेने चाललंय. २०२१ मध्ये अमेरिकन विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात अँगल आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत ३३ मीटर लांबीच्या काचेच्या कालव्यात समुद्राचं पाणी भरून, लाटा फोडून ताजे कण तयार केले होते. ते कण काही मिनिटांतच समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे चार एककांनी आम्लधर्मी निघाले आणि एक मायक्रोमीटरपेक्षा लहान कण त्याहून अधिक. म्हणजे म्हातारं व्हायला वेळच मिळालेला नाही. पाण्यातली जैविक हालचाल कमी-जास्त झाली त्याचा आम्लतेशी संबंध दिसला नाही, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडशी मात्र दिसला. तुमचा हिशेब इथे कसा लागू होतो?

खारा वारा

हा निबंध महत्त्वाचाच आहे आणि तो आणल्याबद्दल आभार. माझं मत सविस्तर मांडतो.

एकट्या कार्बन डायऑक्साइडने बारीक कणांचा सामू, सहा मोल यांनी वर म्हटलं तसा, २ पर्यंत जाऊ शकत नाही. अगदी शुद्ध पाणी आजच्या हवेशी समतोलात आणलं तर त्याचा सामू ५.६ होतो. कणात थोडीशी अल्कता शिल्लक असेल तर तो त्याहून वरच राहील. सेंद्रिय आम्लं म्हणावीत, तर फाटणाऱ्या पडद्यातून उडालेल्या बारीक थेंबांत सेंद्रिय पदार्थ खरंच खूप असतात, कारण पाण्याच्या पृष्ठभागावर त्यांचा पातळ थर असतो. पण तीही सौम्य आम्लं. साधारण ४ ते ५ पर्यंत नेतील, २ पर्यंत नाही.

मग आकड्यांकडे परत जाऊ. बारीक कण हवेत वजनाने फार थोडे असतात. घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम मीठ बारीक कणांत असेल तर त्याची अल्कता ०.०६६ नॅनोमोल. एवढी संपवायला सल्फर डायऑक्साइडपासून बनलेलं आम्ल १ पीपीटीपेक्षाही कमी लागतं, नायट्रिक आम्ल लागलं तर दीड पीपीटी. त्यापुढे सामू २ ला नेण्यासाठी सल्फेटचं बायसल्फेट करावं लागतं आणि तिथे अल्कतेइतकं किंवा त्याहून जास्त आम्ल खर्च होतं. सगळं धरूनही आकडा काही पीपीटींच्या घरातच राहतो. एवढ्या अल्प आम्लवायूपासून पूर्ण मुक्त हवा प्रयोगशाळेत राखणं किती अवघड आहे, ते या क्षेत्रातले लोक जाणतात. शिवाय मोठ्या कणांतून निघालेलं हायड्रोजन क्लोराइड बारीक कणांकडे जाऊ शकतं. वेळेचा प्रश्न तर सगळ्यात सोपा: अशा बारीक कणाचा वायूंशी समतोल सेकंदांत, फार तर मिनिटांत होतो.

म्हणजे "लगेच आम्लधर्मी" हे माझ्या हिशेबाच्या विरोधात जात नाही. उलट कणाची राखीव अल्कता किती तुटपुंजी आहे तेच दाखवतं. यंत्रणेबद्दल संशोधकांत अजून एकमत नाही, हे मात्र मान्य.

दीपस्तंभ

पटलं बरंचसं. तरी मी एवढं म्हणेन की संहत द्रावणाच्या पृष्ठभागावर जे घडतं ते समतोलाच्या साध्या समीकरणांत बसेलच असं नाही. २००३ मध्ये लास्किन आणि सहकाऱ्यांनी सायन्स नियतकालिकात मांडलं होतं की हवेतल्या अतिशय क्रियाशील हायड्रॉक्सिल रॅडिकलची कणाच्या पृष्ठभागावरच्या क्लोराइडशी क्रिया होऊन उलट अल्कता तयार होते, आणि त्यामुळे सल्फर डायऑक्साइड जास्त काळ शोषलं जातं. त्यावर नंतर आक्षेप आले, मॉडेलच्या हिशेबात तो परिणाम किरकोळ ठरला. पण पृष्ठभाग आणि आतला भाग सारखेच वागतात असं गृहीत धरू नये, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

अबोली

मला एक कळत नाहीये. सामू २, ३, ४ हे इतके कमी आकडे आहेत तर समुद्रकाठच्या हवेत श्वास घेणं म्हणजे आम्ल आत घेणं झालं की!

सहा मोल

अबोलीताई, सामू म्हणजे आम्लाचं प्रमाण नव्हे, त्या क्षणी द्रावणात मोकळे असलेल्या हायड्रोजन आयनांची संहती. वरच्याच १० मायक्रोग्रॅम मिठाचं उदाहरण घेऊ. ८० टक्के आर्द्रतेला त्याच्यासोबत साधारण ३४ मायक्रोग्रॅम पाणी असतं. सामू ३ असेल तर त्या सगळ्या पाण्यात मोकळे हायड्रोजन आयन ०.०३ नॅनोमोल, सामू ४ असेल तर त्याचा दहावा भाग. एक घनमीटर हवेत एवढंच. श्वसनमार्गाच्या ओलसर अस्तराला ते उदासीन करायला क्षणही लागत नाही.

खात्यातली शिल्लक आणि वर्षभराची उलाढाल जशा दोन वेगळ्या गोष्टी, तसंच इथे आहे. सामू शिल्लक सांगतो. कणातून किती आम्ल येऊन गेलं ते सामूवरून कळत नाही.

हवामान आकडे

ढगांचा विषय अजून आला नाही म्हणून लिहितोय. हवामानाच्या दृष्टीने कणाची सुरुवातीची अल्कधर्मी मिनिटंच फार मोलाची आहेत.

सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळून सल्फाइट बनतं आणि ओझोन त्याचं सल्फेट करतो. ही क्रिया अल्कधर्मी पाण्यात भयंकर वेगवान असते, कारण सामू जास्त असताना सल्फर डायऑक्साइड जास्त विरघळतं आणि त्यातला जास्त भाग सल्फाइटच्या रूपात असतो. सामू एकाने घसरला की वेग दहा ते शंभरपट कमी होतो. म्हणजे ही क्रिया स्वतःच्याच आम्लाने स्वतःला थांबवते.

१९९२ मध्ये सीव्हरिंग आणि सहकाऱ्यांनी नेचर नियतकालिकात लिहिलं की सागरी हवेतलं बरंच सल्फर या मार्गाने मिठाच्या कणांत जात असावं. त्याच वर्षी कॅमाइडिस आणि स्टेल्सन यांनी बजावलं की कणाची अल्कता संपली की मार्ग बंद, त्यामुळे याला वरची मर्यादा आहे. मर्यादा ठरते वाऱ्यावर, कारण वाराच नवे अल्कधर्मी कण पुरवतो.

आता ढगांशी संबंध पाहा. मोठ्या मिठाच्या कणात अडकलेलं सल्फेट कणासोबत लवकर समुद्रात पडतं. तेच सल्फर डायऑक्साइड वायूच्या रूपात राहिलं असतं तर त्यापासून सल्फ्युरिक आम्लाची वाफ होऊन नवे सूक्ष्म कण जन्माला आले असते किंवा असलेले मोठे झाले असते, आणि ढगाचे थेंब ज्यांच्यावर बनतात त्या केंद्रकांची संख्या वाढली असती. १९८७ मध्ये चार्ल्सन, लव्हलॉक, आन्द्रे आणि वॉरेन यांनी समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती, डायमिथाइल सल्फाइड आणि ढग यांची साखळी मांडली होती. मिठाचे अल्कधर्मी कण त्या साखळीला मधेच एक फाटा फोडतात. दक्षिण महासागरासारख्या वादळी आणि स्वच्छ भागात हा फाटा सगळ्यात मोठा असणार, कारण तिथे ताजे कण भरपूर आणि आम्ल मोजकंच. मॉडेलमध्ये कणांचा सामू एकाच आकड्यावर गोठवला तर हे सगळंच हरवतं.

कुतूहल

आम्लता आणि ओझोनचाही संबंध वाचल्यासारखा वाटतो. ध्रुवीय प्रदेशातलं काहीतरी होतं.

हवामान आकडे

बरोबर. उत्तर ध्रुवाकडे वसंतात सूर्य परत उगवला की जमिनीलगतचा ओझोन अचानक जवळजवळ शून्यावर येतो. कॅनडातल्या अलर्ट या केंद्रावरच्या नोंदींवरून बॅरी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तो ब्रोमीनशी जोडला. ब्रोमीन येतं समुद्राच्या मिठातूनच. बर्फावर साचलेल्या क्षारांतून आणि कणांतून.

यातली किल्ली आम्ल आहे. हवेतलं हायपोब्रोमस आम्ल कणात शिरतं, तिथल्या ब्रोमाइड आणि हायड्रोजन आयनाशी क्रिया करून ब्रोमीन वायू सोडतं. सूर्यप्रकाशात तो तुटतो, ओझोन खातो, पुन्हा हायपोब्रोमस आम्ल होतं आणि परत कणात येऊन आणखी ब्रोमाइड बाहेर काढतं. प्रत्येक फेरीत ब्रोमीन वाढत जातं. हायड्रोजन आयन नसतील तर फेरी थांबते, म्हणून अल्कधर्मी कणात हे चालत नाही. मोकळ्या समुद्रावरच्या कणांसाठी हीच यंत्रणा फोग्ट, क्रुट्झेन आणि सँडर यांनी १९९६ मध्ये मांडली. क्लोरीनचाही असाच एक रात्रीचा मार्ग आहे: डायनायट्रोजन पेंटॉक्साइड कणातल्या क्लोराइडशी क्रिया करून नायट्रिल क्लोराइड बनवतं आणि सकाळी उन्हात त्यातून क्लोरीनचे अणू सुटतात. टेक्सासच्या किनाऱ्याजवळच्या हवेत ते प्रत्यक्ष मोजल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

गंजरोधक

माझं काम समुद्राकाठच्या पोलादी बांधकामांच्या संरक्षणाचं. आमच्याकडे हवेतलं क्लोराइड किती बसतं ते मोजून आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वातावरण किती गंजवणारं आहे त्याचा वर्ग ठरवतात, सर्वांत सौम्य सी १ पासून सी ५ आणि त्यापुढे सीएक्स. कणाच्या सामूचा कुठेच विचार होत नाही. व्हायला हवा का?

सहा मोल

माझ्या मते फार नाही आणि कारण तुमच्याच क्षेत्रात आहे. धातूवर मीठ बसून ओलं झालं की गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यात विरघळलेले लोहाचे किंवा क्रोमियमचे आयन पाण्याशी क्रिया करून स्वतःच हायड्रोजन आयन सोडतात. खड्ड्याच्या आतला सामू त्यामुळे आपोआप खाली जातो आणि क्लोराइड ते चक्र चालू ठेवतं. कणाने सोबत आणलेलं ०.०३ नॅनोमोल तिथे मोजण्यातही येणार नाही.

कणाच्या इतिहासाचा परिणाम वेगळ्या बाजूने होतो. ताज्या सागरी मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच ओल धरतं, म्हणून पृष्ठभाग जवळजवळ कायम दमट राहतो. निव्वळ सोडियम क्लोराइड ७५ टक्क्यांना ओल धरतं, सोडियम सल्फेट ८४ च्या आसपास. आम्लाने क्लोराइड हाकलून दिलेला जुना कण कमी वेळ ओला राहतो आणि त्यात क्लोराइडही कमी. म्हणजे खुल्या समुद्रावरून थेट आलेलं ताजं मीठ आणि प्रदूषित हवेतून फिरून आलेलं मीठ, वजनाने सारखं बसलं तरी धातूला सारखं नाही. तुम्ही बसलेलं क्लोराइडच मोजता ते म्हणूनच बरोबर. फक्त प्रदूषित हवेत सल्फर डायऑक्साइड स्वतंत्रपणे धातूवर काम करतं, ते वेगळं मोजावंच लागतं.

गंजरोधक

हे फारच उपयोगी. वजन सारखं पण ओल वेगळी, हा मुद्दा आमच्या अहवालांत यायला हवा. जतन करून ठेवतोय.

दीपस्तंभ

१ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या सल्फरची मर्यादा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आणली. आता कण पुन्हा अल्कधर्मी व्हायला लागतील का? खारा वारा, तुमचा अंदाज?

खारा वारा

नाही होणार. पुन्हा ८ पीपीटीच. जहाजमार्गांवरचं सल्फर कितीही घटलं तरी डायमिथाइल सल्फाइडपासून येणारं आम्ल तेवढ्याला पुरून उरतं. शिवाय ही मर्यादा सल्फरची आहे, इंजिनातून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडची नाही, त्यामुळे नायट्रिक आम्ल येतच राहणार. सामूमध्ये मोठा फरक शोधणाऱ्यांना तो सापडणार नाही, कारण सहा मोल यांनी सांगितल्याप्रमाणे क्लोराइड त्याला एका पट्ट्यात धरून ठेवतं. फरक दिसायला हवा तो हरवलेल्या क्लोराइडमध्ये.

आणि तो काढणं अवघड नाही. सोडियम सगळं समुद्रातूनच आलंय असं धरू. समुद्राच्या पाण्यात वजनाने सोडियमच्या १.८ पट क्लोराइड आणि ०.२५२ पट सल्फेट असतं. आता समजा, एका नमुन्यात घनमीटरमागे सोडियम ३.० मायक्रोग्रॅम, क्लोराइड ४.२, सल्फेट १.२६ आणि नायट्रेट १.५ मायक्रोग्रॅम आहे, अमोनियम नगण्य. आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. क्लोराइड असायला हवं होतं ५.४, म्हणजे १.२ मायक्रोग्रॅम हरवलं, हे झाले ३४ नॅनोमोल. आता जमेची बाजू बघा. सल्फेटमधून समुद्राचा वाटा ०.७६ वजा केला की ०.५० उरतं, म्हणजे ५.२ नॅनोमोल, प्रत्येकी दोन हायड्रोजन आयन धरून १०.४. नायट्रेटचे २४. बेरीज सुमारे ३४.५. त्यातले ०.६५ अल्कता संपवण्यात गेले आणि बाकीच्यांनी क्लोराइड हाकललं. दोन्ही बाजू जुळतात.

हे तिन्ही आकडे शेजारी ठेवा: मोकळे हायड्रोजन आयन सामू ३ ला ०.०३ नॅनोमोल, मूळ अल्कता ०.६५, आणि प्रत्यक्षात कणाने घेतलेलं आम्ल ३४. सामूच्या आकड्यात शेवटच्याची काही खूण दिसत नाही.

हवामान आकडे

याला एक पुरवणी. हा हिशेब आकारानुसार वेगळ्या केलेल्या नमुन्यांवर केला तर बारीक कणांत क्लोराइड जवळपास शून्य आणि मोठ्यांत थोडंच कमी, असा उतार दिसतो. २०२० च्या आधीचे आणि नंतरचे असे दोन उतार एकाच केंद्रावरून मिळाले तर दीपस्तंभ यांच्या प्रश्नाचं उत्तर थेट मिळेल. मात्र धुळीच्या दिवसांत सोडियम जमिनीवरूनही येतं. ते दिवस वेगळे काढण्यासाठी मॅग्नेशियम आणि सोडियमचं गुणोत्तर तपासावं. समुद्रात ते वजनाने ०.१२ असतं आणि नमुन्यात तेवढंच निघालं तर मीठ समुद्राचंच आहे असं मानायला हरकत नाही.

कुतूहल

धुळीचा उल्लेख निघालाच आहे म्हणून: आम्लधर्मी मिठाचा कण आणि धुळीचा कण ढगात एकत्र आले तर धुळीतलं लोह विरघळतं का? खुल्या समुद्रात लोहाची टंचाई असते असं वाचलंय.

खारा वारा

कमी सामूला धुळीतलं लोह जास्त विरघळतं हे पक्कं. पण त्यात मिठाच्या कणाचा वाटा मोठा नसावा. धुळीवर थेट बसलेलं सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल ते काम करतं, आणि धुळीत चुना भरपूर असेल तर आधी तो सगळा संपावा लागतो. चुन्याची अल्कता सागरी मिठाच्या कितीतरी पट असते, त्यामुळे तिथे हिशेब उलटा लागतो: मिठाचा कण मिनिटांत आम्लधर्मी होतो, तर चुनखडीयुक्त धुळीचा मोठा कण अर्धा महासागर ओलांडूनही अल्कधर्मी राहू शकतो. यावर वेगळा धागा काढतो, इथे विषय फार लांबेल.